तोंड बांधलेला तलवारबाज: गावाकडं बसून स्वतःची कॉमिक सिरीज कशी काढायची

कॉमिक काढायचंय म्हणणारं पोरगं भेटलं की त्याच्या वहीत पहिल्या पानावर एक ठरलेलं चित्र असतंय, काळा मुखवटा, उडणारा झगा, हातात तलवार, मागं पौर्णिमेचा चंद्र. चित्र बरेचदा भारी पण असतंय. मग विचारायचं की हा बाबा दिवसा काय करतो, तर गडी गप्प. आणि सिरीज तिथंच संपते, कारण चंद्रासमोर उभं राहून माणूस किती पानं काढणार. म्हणून ड्रेस नंतर. आधी त्याचा दिवस ठरवायचा.

या जातीचा सगळ्यात गाजलेला नायक म्हणजे झोरो. जॉन्स्टन मॅककली नावाच्या अमेरिकन लेखकानं १९१९ मध्ये एका साप्ताहिकात ही गोष्ट क्रमशः लिहिली, जागा कॅलिफोर्निया, काळ तिथल्या स्पॅनिश लोकांच्या अमलाचा. दिवसा डॉन दिएगो म्हणजे श्रीमंत जमीनदाराचा आळशी पोरगा, भांडण म्हटलं की दमतो, उन्हात निघायचा कंटाळा करतो, आणि रात्री तोच तलवार घेऊन गव्हर्नरच्या माणसांना पळता भुई थोडी करतो. आता हे सोंग नुसतं गंमत म्हणून नाहीये बरं का. त्यामुळं एक तर कुणाला संशय येत नाही, आणि दुसरं म्हणजे ज्यांना रात्री झोडायचंय त्यांच्याच पंगतीला दिवसा बसता येतं, म्हणजे बातमी फुकटात मिळते. ही दुसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. तुमच्या नायकाची दिवसाची ओळख त्याला काहीतरी कळवणारी पाहिजे, नाहीतर दर अंकात कुणीतरी धावत येऊन "घात झाला" म्हणून सांगायला लागतं आणि तिसऱ्या अंकात वाचक कंटाळतो.

झोरोच उचलायचा का? नको. मॅककलीची ती पहिली कथा जुनी झालीय, कॉपीराइटच्या बाहेर गेलीय, पण नाव आणि चिन्हावर हक्क सांगणारे लोक आहेत, उगं कशाला ते लफडं. वेताळाचं, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचं, तर विचारूच नका, तो कंपनीच्या मालकीचा आहे. आणि तसंही आपल्याकडं माल काय कमी आहे का.

मराठवाड्यात काळ कोणता घ्यायचा, तर माझं मत स्पष्ट आहे, १८५३ च्या आधीची निजामशाही. कामून, तर १८५३ मध्ये सालारजंग हैदराबादचा दिवाण झाला आणि त्यानं हळूहळू वसुलीची जुनी पद्धत मोडली. त्याच्या आधी काय होतं की एखाद्या मुलखाचा सारा गोळा करायचा मक्ताच दिला जायचा, जो जास्त रक्कम कबूल करील त्याला, आणि मग त्या इजारदारानं रयतेकडून कसं आणि किती ओरबाडायचं हे बघायला कुणी नाही. सोबतीला भाडोत्री अरब नाहीतर रोहिले शिपाई. म्हणजे व्हिलन तयार, त्याची फौज तयार, आणि मुख्य म्हणजे लुटायची पद्धत तयार, ती पद्धत वाचकाला पहिल्या पाच पानात समजली पाहिजे. एक सांगतो, याला धर्माचं भांडण करू नका. वसुली करणारे आणि कर्जावर पैसा पुरवणारे सावकार सगळ्या जातीधर्माचे होते, आणि मार खाणारे पण. ते नीट दाखवलं तर गोष्ट खरी वाटते, नाहीतर व्हॉट्सॲपचं फॉरवर्ड होते.

आता नायक. उदाहरण म्हणून आपण एक बनवू, हा तुमचा नाही, तुमचा तुम्ही बनवा. कुलकर्ण्याचा पोरगा धरा. बाप गावचं दप्तर सांभाळतो, पोरगा ओसरीवर लोळतो, पान खातो, मोडीत भराभर नकला करून देतो म्हणून इजारदाराची माणसं त्याला बोलावून घेतात, आणि कुणाच्या नावावर किती खोटी बाकी चढवली हे त्याच्याच हातानं लिहिलेलं असतंय. रात्री तो काय होतो? पिंगळा. पहाटेच्या आधी कंदील घेऊन दारोदार येणारा, कुडमुडं वाजवत भविष्य सांगणारा पिंगळा गावाला नवा नाही, अंधारात तो दिसला तर कुणी हटकत नाही, उलट बायका सूप भरून दाणे आणतात. आणि पिंगळा नावाचं घुबड पण आहे, म्हणजे चिन्ह फुकटात मिळालं. असं एखादं स्थानिक सोंग सापडलं की ड्रेस आपोआप ठरतो, झगा म्हणून काळं घोंगडं, तोंडाला पागोट्याचा सोडलेला पदर. उन्हाळ्यात आपल्याकडं अख्खा जिल्हा तोंड बांधून मोटारसायकलवर फिरतो, त्यामुळं नुसता रुमाल बांधून माणूस किती ओळखू येतो न किती नाही हे तुम्हाला वेगळं शिकायला नको.

घोंगडं घेतलं तर लक्षात ठेवा, ते रेशमी झग्यासारखं फडफडत नाही, जड असतंय, मोठ्या घड्या पडतात आणि ते थोडं उशिरा हलतं, म्हणजे माणूस वळला तरी घोंगडं अजून मागच्याच दिशेला असतंय. हा उशीर काढता आला की पानावर वेग दिसतो. शिवाय डाव्या हाताला गुंडाळलं की ढाल, समोरच्याच्या तोंडावर फेकलं की हत्यार, पावसात खोळ.

आता मुखवट्याचं खरं दुखणं. मुखवटा घातला की चेहरा गेला, आणि चेहरा गेला की कॉमिकमधलं अर्धं बोलणं गेलं. घाबरला, चिडला, थट्टा करतोय, हे सगळं आता अंगानं सांगायला लागणार. इथं दोन वाटा आहेत. एक वेताळवाली. ली फॉकनं १९३६ मध्ये वेताळ आणला तेव्हा त्याच्या मुखवट्यात बुबुळंच दाखवली नाहीत, नुसते पांढरे डोळे, त्यामुळं तो माणूस कमी आणि पुतळा जास्त वाटतो, आणि ते त्याला शोभतं कारण लोक त्याला अमर समजतात. दुसरी झोरोवाली, डोळे पूर्ण दिसतात, ओठ मोकळे, तो हसतो, टोमणे मारतो. तुमचा गडी भीती घालणारा असेल तर पहिली, खोडकर असेल तर दुसरी. दोन्ही मिसळू नका. आणि खालचं तोंड झाकायचं ठरवलं, जसं आपला पदरवाला, तर भुवया आणि मानेचा कोन एवढंच हातात राहतं, मग आरशासमोर तोंड बांधून उभं राहायचं, मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, आणि फक्त मान आणि खांद्यांनी "मला माहितीय तू खोटं बोलतोयस" हे करून बघायचं. घरचे हसतील. हसू द्या.

सावलीची परीक्षा पण घ्या. नायक पूर्ण काळा रंगवा, आत एक पण रेघ नको. तरीही तो कोण आणि काय करतोय हे कळलं तर पोझ पास. नाही कळलं तर हात अंगापासून लांब काढा, तलवार अंगावरून जाऊ देऊ नका, बाहेर काढा.

तलवारीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथंच सगळे सिनेमातून उचलतात आणि फसतात. झोरोच्या हातात जी असते ती सरळ, निमुळती, भोसकायची तलवार, तिचा हल्ला म्हणजे सरळ रेघ. आपली नेहमीची वक्र तलवार कापणारी आहे. मूठ आखूड, मुठीच्या टोकाला गोल चकती, ती मनगटाला अडते, त्यामुळं मनगट फार वाकवता येत नाही आणि वार कोपरा-खांद्यातून येतो, आणि पातं लागल्यावर ओढून घेतलं जातं. म्हणजे काढताना तुमची हल्ल्याची रेघ अर्धगोल होणार. मग पॅनल, म्हणजे पानावरच्या चित्राच्या चौकटी, पण तशा लागतात, भोसकण्याला आडवा लांबट पॅनल चालतो, गोल वाराला उंच नाहीतर चौकोनी जागा पाहिजे, नाहीतर पात्याचं टोक चौकटीत कापलं जातं आणि कळतच नाही काय झालं. दोन्ही मजा पाहिजे असतील तर नायकाला फिरंग द्या. ती सरळ, लांब, युरोपातून आलेल्या पात्याला इथली मूठ बसवलेली तलवार, दख्खनमध्ये भरपूर वापरात होती. नायक सरळ रेघेत, शत्रू अर्धगोलात, आवाजाच्या अक्षरांशिवाय वाचकाला कळतंय कोण कुठला. दांडपट्टा मोहात पाडतो, पण तो गर्दीत फिरवायचं हत्यार आहे, एकास एक द्वंद्वात त्याची शान जाते असं आपलं माझं मत.

मारामारीचं पान काढायच्या आधी जागेचा नकाशा काढा. वरून बघितल्यासारखा, खांब कुठं, पायऱ्या कुठं, दिवा कुठं. दोन नाणी ठेवा, एक नायक, एक शिपाई, आणि सरकवत सरकवत पाच-सहा चाली ठरवा. प्रत्येक चालीत काहीतरी बदललं पाहिजे, उंची, उजेड, हातातली वस्तू, कोण मागं हटतंय, नुसतं खण्ण खण्ण चार पॅनल चाललं तर ते वाया. आपण डावीकडून उजवीकडं वाचतो, म्हणून नायक चढाई करतो तेव्हा त्याला डावीकडून उजवीकडं ढकला, वाचकाची नजर त्याच्याबरोबर धावते, आणि तो हरायला लागला की उलटं. मधेच दोघांच्या बाजू बदलायच्या असतील तर बदलताना दाखवा, एक पॅनल खर्च करा, नाहीतर पुढच्या चौकटीत कोण कुठून आला म्हणून वाचक मागं पानं चाळतो.

आता जागा. इथं आपण नशीबवान आहोत राव.

जुन्या गावात माळवदाची घरं एकाला एक चिकटून असायची, सपाट धाबं, वर माती, म्हणजे गल्लीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत माणूस छतांवरून पळत जाऊ शकतो, खाली शिपाई गल्लीत गोल गोल फिरतायत. आणि छताला उजेडासाठी, धूर जायला साणं असतंय. इजारदाराचा माणूस जेवायला बसलाय, ताटात भाकरी, वरून साण्यातून उजेडाचा गोल त्याच्या ताटावर पडलाय, आणि पुढच्या पॅनलमध्ये त्याच गोलात एक सावली. शब्द नको, बलून म्हणजे बोलण्याचा फुगा नको. असली पानं दुसऱ्या कुठल्या मुलखाच्या कॉमिकमध्ये मिळणार नाहीत. किल्लारीच्या पट्ट्यात १९९३ च्या भूकंपात असली घरं पार गेली, तिथं बघायला मिळणार नाहीत, पण बालाघाटच्या डोंगरातल्या कितीतरी गावात अजून पडकी का होईना उभी आहेत. जाऊन भिंतीची जाडी हातानं मोजा. वाड्यात शिरल्यावर ढाळज, म्हणजे दाराजवळची बसायची जागा, लागते तिथं बसून बघा, रस्ता किती दिसतो, आत किती दिसतं. हे फोटोवरून येत नाही.

किल्ल्यांचं तर काय सांगावं. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी ही खास मुखवटाधाऱ्यासाठीच खोदली असावी असं वाटतं, डोंगराच्या पोटातून वळणं घेत जाणारा काळोखा रस्ता, शत्रू आत शिरून चाचपडत आपसातच लढावा म्हणून केलेला. तिथली मारामारी काढायची तर अख्खं पान काळं ठेवा, नुसते बलून आणि मधेच पात्याची पांढरी चिरी. शाई लागते, पण चित्रकाराचं काम कमी, वाचकाचा घाम जास्त. नळदुर्गाला पावसाळ्यात जा. बोरी नदीवर किल्ल्याला जोडून धरण बांधलंय आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल, वरून नर-मादी धबधबे कोसळतायत, आत खोलीत खिडकीसमोर पाण्याचा पडदा. शेवटच्या द्वंद्वाला याच्यापेक्षा भारी जागा दाखवा मला. पाण्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणजे ते पान पण मुकं. परंड्याचा किल्ला तोफा आणि खंदक काढायला, उदगीर-औसा बुरुजांच्या सरावाला. संभाजीनगरात भडकल दरवाजा बघा, मलिक अंबरच्या काळचा आहे, आणि त्याच माणसानं आणलेली नहर-ए-अंबरी जमिनीखालून पाणी वाहून आणायची, आता जमिनीखालचा रस्ता म्हटल्यावर नायकानं काय करायचं हे मी सांगायला पाहिजे का.

घोडा टाळता येत नाही. लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला, तिथं घोड्यांचा बाजार असतो, वही घेऊन जा आणि दिवसभर बसा. उभा घोडा सगळे काढतात, तुम्ही पळवून दाखवत असताना मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घ्या. जुन्या चित्रांत दौडणारा घोडा पुढचे पाय पुढं, मागचे मागं, हवेत तरंगताना दाखवायचे. १८७८ मध्ये मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा कळलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. तेवढं एक बरोबर काढलं तरी बघणारा म्हणतो पोराला घोडा येतो.

काळा-पांढरा काढायचा का रंगीत? पहिला अंक काळा-पांढराच. पैशाचं सोडा, या विषयाला तोच शोभतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत डेल कंपनीसाठी ॲलेक्स टॉथनं झोरोची कॉमिक काढली, टीव्ही मालिकेवरून बेतलेली, स्क्रिप्टमध्ये शब्दांचा नुसता भरणा, त्यावर तो वैतागायचा, तरी त्याची ती पानं आजही चित्रकार लोक समोर ठेवून शिकतात, ती काळ्या रंगाच्या जागा कुठं टाकायच्या या एका गोष्टीसाठी. त्याची पानं डोळे बारीक करून बघा, रेघा गायब होतात आणि फक्त काळे-पांढरे तुकडे राहतात, तरी गोष्ट वाचता येते. आपल्या पानाला हेच करून बघायचं.

चिन्ह. झोरो तलवारीनं कोरतो तो झेड गाजला कारण तीन फटकाऱ्यात होतो. तुमचं चिन्ह काठीनं मातीत एका दमात काढता आलं पाहिजे, चौथा फटकारा लागला तर बदला. पिंगळ्याला मी दोन गोल डोळे दिले असते, पण तलवारीनं गोल कोण काढणार, म्हणून दोन तिरक्या भुवया आणि मधे चोच, तीन रेघा, झालं.

लिखाणाला येऊ. बलूनमध्ये कमी बोला. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळं ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, म्हणून आपले बलून उंच होतात, हे पेन्सिल करतानाच धरून चाला. आधी अक्षरं टाका, मग त्याच्याभोवती बलून काढा, उलटं केलं की शेवटचा शब्द कोंबायला लागतो. हातानं लिहिणार असाल तर उत्तम. कॉम्प्युटरवर असाल तर मुक्त, बलू असले फुकट युनिकोड फॉन्ट आहेत, पण काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, म्हणून सगळं लिहायच्या आधी "क्षत्रिय", "सर्व्हिस", "दृष्टी" असे दोन-तीन शब्द टाकून तपासा.

भाषा पुस्तकी नको. गावचा माणूस "कशासाठी आलास" म्हणणार नाही, "कामून आलास बे" म्हणेल, लातूरकडचा "काय करूलालास" म्हणेल, आणि हैदराबादचे शिपाई दखनी बोलतील, "हौ", "नक्को", "कायकू". पण तीन पानात सगळ्या जिल्ह्यांच्या बोली कोंबू नका, एका पात्राला एक बोली, ती शेवटपर्यंत. नायकानं दिवसा लांबण लावत, रेंगाळत बोलावं आणि रात्री तीन-चार शब्दांच्या वर जाऊ नये, मुखवटा नसता तरी आवाजावरून माणूस बदललेला वाटतो.

पहिल्याच अंकात तोंड उघडं करू नका. मॅककलीनं आपल्या पहिल्या गोष्टीच्या शेवटी झोरो कोण हे भर लोकांत सांगून टाकलं, आणि १९२० चा डग्लस फेअरबँक्सचा मूकपट इतका चालला की पुढच्या गोष्टी लिहायला लागल्या, मग काय, ते उघड झालेलं गुपित सरळ विसरून गेला. तेव्हा खपलं. आता वाचक स्क्रीनशॉट ठेवतो. गुपित एकाच माणसाला माहीत असू द्या, आणि तो माणूस कच्चा पाहिजे, म्हणजे म्हातारी आजी झोपेत बडबडणारी, नाहीतर लहान भाऊ ज्याला गोष्टी सांगायची हौस आहे.

छपाईचं थोडक्यात. पानं चारच्या पटीत, कारण एक ए-फोर कागद दुमडला की ए-फाइव्हची चार पानं होतात. चोवीस पानांचा अंक म्हणजे सहा कागद, मधे दोन स्टेपल. मूळ चित्र ए-फोरवर काढा, छापताना ते साधारण सत्तर टक्क्यावर येतं, बारीक रेघा उडतात, म्हणून एक पान आधी झेरॉक्सवर लहान करून बघा आणि मगच पेनाची जाडी ठरवा. स्कॅन सहाशे डीपीआय, काळ्या रेघांना तेवढं लागतं. रहस्य उघडायचं ते पान उलटल्यावर, म्हणजे उजव्या हाताच्या, विषम नंबरच्या पानावर शेवटचा पॅनल अर्धवट सोडायचा, दार करकरतंय, हात कडीवर, आणि पुढं डाव्या पानावर काय ते. मोबाईलसाठी पीडीएफ करणार असाल तर हे सगळं कोलमडतं, तिथं प्रत्येक स्क्रीन म्हणजे पान उलटणंच आहे, त्यासाठी पॅनल वेगळे मांडावे लागतात, दोन्हीला एकच फाइल वापरू नका.

विकायला मोठ्या दुकानाची वाट बघू नका. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, मधल्या काळात मराठीत वेताळ वाचलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे, कधीकधी तुमचा पहिला गिऱ्हाईक कॉलेजातला नसून त्याचा बाप असतो. बसस्टँडचा पेपरवाला, शाळेची लायब्ररी, यात्रेतली पुस्तकांची पाल, तिथं पाच-पाच प्रती ठेवा. आणि पहिला अंक छापायला टाकायच्या आधी दुसऱ्याची निदान सहा पानं पेन्सिलमध्ये तयार ठेवा, कारण अंक हातात पडल्यावर पहिला प्रश्न "पुढचा कधी" हाच येतो, न तेव्हा तारीख सांगता आली पाहिजे.